विरोधी पॅनेल

बँकॉकला बावड्याच्या शेतकऱ्यांची सहल गेली आणि दुसऱ्याच दिवशी सहलीतल्या गेणबांच्या छातीत तिथंच कळ आली. दवाखान्यात नर्सनं ऑपरेशनचा इंग्रजी फॉर्म पुढं केला, तसं त्यांच्या पत्नी जयवंताबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“करा सही, वहिनी. वाचलाय मी. मी हाय हितंच.”

त्यांनी वळून बघितलं, तर विजयसिंह! कारखान्याच्या निवडणुकीत गेणबांच्या विरोधी पॅनेलचे. सात वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

बाकीची मंडळी बेटं बघायला गेली. विजयसिंह दोन दिवस बाकड्यावरून हलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी शहाळं पुढं केलं. गेणबांनी दोन घोट घेतले.

“मत मातुर तुमाला देणार न्हाय.”

विजयसिंहांनी त्यांचं पांघरूण नीट केलं.

“नगा देऊ. पर विरोधात मत टाकायला तरी गावाकडं चला.”