घरजावयाची चहाडी

ईसीजीच्या खोलीचं दार नवऱ्यामागे बंद झालं, तशी ती उठली. हातात फार तर दहा मिनिटं होती. यंत्र तपासायची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. आत टेक्निशियन बाई एकट्याच होत्या, कॉम्प्युटर सुरू करत होत्या.

"मॅडम, जरा बोलायचं होतं. ते यायच्या आत."

बाईंनी खुर्ची दाखवली. ती उभीच राहिली.

वर्षापूर्वी नवऱ्याच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं होतं. हृदय भलतंच धावत सुटलं, की झटका देऊन त्याला ताळ्यावर आणणारं. नवरा पुस्तकं बांधायचा. सरस, सुई-दोरा आणि दाबाचं यंत्र यांत त्याची तीस वर्षं गेलेली. थट्टेखोर माणूस. छातीतल्या यंत्राला तो 'घरजावई' म्हणायचा. "फुकट राहतो, काम काही करत नाही, आणि दुखवायची सोय नाही."

मग एके सकाळी घरजावयानं काम केलं. नवरा दाढी करत होता, पूर्ण शुद्धीत. आतून कुणी लाथ घालावी तसा तो मागच्या भिंतीवर आदळला. डॉक्टर म्हणाले, यंत्रानं जीव वाचवला. नवऱ्याच्या लक्षात राहिली ती लाथ.

त्या दिवशी तो खुर्चीत बसला तो बसलाच. दोन बोटं सदानकदा मनगटावर. आंघोळीला दार उघडं ठेवायचं. जिना नको, कात्री हातात धरायला नको, तिनं जवळ यायलाही नको. एकदा शांतपणे म्हणाला, "हे बंद करून टाकायला सांगू या. पुन्हा तसला झटका खाण्यापेक्षा गेलेलं बरं."

ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. तिनं ते सोडलं. झोप उडाली, केस गळाले, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. घरात दोन माणसं एका नाडीवर जगत होती.

पाच महिन्यांनी तिनं वाचनालयातला एक फाटका शब्दकोश आणून त्याच्या मांडीवर आदळला. "याची शिवण सुटलीय. जमेल का बघा, नाहीतर दुसऱ्याकडे देते."

त्यानं पानं चाळली आणि भडकला. "कुठल्या गाढवानं शिवलंय हे!"

तो खुर्चीतून उठला. हळूहळू सगळं परतलं. काम, शीळ, थट्टा. पंधरा दिवसांपूर्वी त्यानंच तिला तलावाकडे पिटाळलं होतं. "जा गं बाई. माझ्याकडे बघत बसलीस तर पोहणं विसरशील."

"आणि मग गेला मंगळवार," ती टेक्निशियनला म्हणाली.

दुपारचे साडेतीन. तो टेबलाशी पुठ्ठा कापत होता, तिला कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवत होता. वाक्य अर्धं राहिलं. मान टेबलावर पडली. ती धावली, तिनं खांदे धरले, आणि तिच्या हाताखाली त्याचं अंग एकदाच, जोरात उडालं. मग डोळे उघडले.

"काय झालं गं?"

ती हसली. "डुलकी लागली तुमची. बोलता बोलता!"

"म्हातारा झालो म्हणायचं," तो म्हणाला आणि सुरी शोधू लागला.

"त्यांना काहीच कळलं नाही, मॅडम. शुद्धच नव्हती. पण यंत्रात त्याची नोंद असणार ना?"

"असणार," बाई म्हणाल्या. "तारीख, वेळ, सेकंदासकट."

"ती त्यांना दाखवू नका. तुमच्या पाया पडते."

"अहो, पेशंटपासून कसं लपवणार? डॉक्टरांना औषध वाढवावं लागेल."

"वाढवा ना! ताकदीची गोळी म्हणून सांगा. काहीही सांगा. डॉक्टरांना सगळं दाखवा, फक्त यांना नको." तिनं एकदा दाराकडे पाहिलं. "ते पुन्हा खुर्चीत बसतील, मॅडम. आणि एकदा बसले की या वेळी उठायचे नाहीत. बंद करा म्हणतील. मी ओळखते त्यांना."

बाहेर दार वाजलं. कॉरिडॉरमधून नवऱ्याचा आवाज आला. तो कुणाला तरी सांगत होता, "छातीला चिकटवलेलं ते सगळं काढताना निम्मे केस तुम्हीच घेऊन गेलात की!" कुणीतरी खळखळून हसलं. पावलं इकडेच येऊ लागली.

"मॅडम..."

टेक्निशियन बाई गोंधळलेल्या दिसत होत्या. त्यांनी टेबलावरची वही ओढली, एक पान मागे उलटलं, पुन्हा पुढे केलं.

"थांबा जरा. कधीचा झटका म्हणालात तुम्ही?"

"मंगळवारचा. सांगितलं ना, दुपारी साडेतीनचा. घरी, माझ्यासमोर."

"मंगळवारचा?" बाईंनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. बोलू की नको, असं त्यांना क्षणभर झालं असावं, पण शब्द तोंडून निघून गेले.

"म्हणजे दोन झाले की हो. 'बायकोला कळू देऊ नका, ती पुन्हा तलाव सोडेल' असं तुमच्या मिस्टरांनी मला फोनवर विनवून सांगितलं, तो झटका शनिवारी सकाळचा होता."