बारीक धार

रक्तवाहिनीवरचा चिमटा सुटला. टेबलावरच्या कुत्र्याच्या छातीत शिवलेलं दुसऱ्या कुत्र्याचं हृदय रक्तानं टम्म फुगलं, दोनदा थरथरलं आणि दगडासारखं झालं. ही नववी खेप. डॉक्टर मधुकररावांनी हातमोजे काढून फेकले.

"बर्फात असतं तोवर धड असतं. रक्त मिळालं की मरतं."

बर्फाचं भांडं धरून उभा असलेल्या कवडूनं वाकून ते हातमोजे उचलले. मेडिकल कॉलेजातली ही कुत्री सांभाळायचं काम त्याचं. एका खेपेला दोन जात. अठरा त्यानं स्वतःच्या हातानं आणून दिली होती. आता पिंजऱ्यात तीनच उरली. त्यातली चांदी रोज त्याच्या डब्यातली अर्धी भाकर खायची आणि उरलेल्या अर्धीकडे बघत बसायची. "एक हृदय चालू दे, की सुटलो," असं डॉक्टर नेहमी म्हणत. कवडूनं ते मनाशी घट्ट धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं धीर केला.

"साहेब, बोलू का एक? उन्हात वांग्यानं मान टाकली, तं आमी एकदम पाट नाई फोडत. झाड दगावते. आंधी बारीक धार सोडतो, मंग पानी. तुमी चिमटा एकदमच काऊन सोडता?"

डॉक्टर हसले. मग हसता हसता थांबले.

दहाव्या खेपेला चिमटा अगदी जिवावर आल्यासारखा, हळूहळू सैल झाला. हृदय मऊच राहिलं. गुलाबी झालं आणि ठोके देऊ लागलं. दोन तास झाले तरी चालूच. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत कवडूच्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. त्याला भरून आलं.

तो थेट पिंजऱ्यापाशी गेला. चांदीला अख्खी भाकर दिली, गळ्यात दोर अडकवला.

"चाल बाई घरी. सुटलो आपन."

दारात डॉक्टर उभे होते. चांदी शेपूट हलवत त्यांचे हात हुंगू लागली. डॉक्टरांनी तिचं डोकं कुरवाळलं. खरंच प्रेमानं कुरवाळलं.

"कवडू, एकदा जमलं म्हणून कोणी मानत नाही रे. तुझी युक्ती आता वीसदा करून दाखवायची. जोडीला एक शोधून आण, उद्या हिलाच घेऊ."