वेगळं व्हायच्या आदल्या दिवशीचा पास्ता

“आत्या, शिजवून पाणी ओतून टाकायचं असतंय,” धाकटी सून शर्वरी दारातनं म्हणाली. मी ऐकलंच नाही. पास्ता म्हणजे शेवटी चकोल्याच की, आपली वरणफळं. ज्या पाण्यात शिजतो, चव त्यातच राहते. लसणाच्या फोडणीत कांदा-लसूण मसाला आणि तिळाचं कूट घातलं, वांगी-टोमॅटो परतले, त्यातच पाणी घातलं आणि कोरड्या नळ्या तशाच आत सोडल्या.

उद्या ही आणि माझा लेक, दोघं वेगळी राहायला जाणार होती. टेम्पो ठरला होता. खोलीतनं चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला, की माझा हात आपसूक मसाल्याकडं जायचा. राहा म्हणायला जीभ वळेना. वर्षभर जिच्या पास्त्याला रबराच्या नळ्या म्हणून हिणवलं, तिच्यासाठी आज मी तोच रांधत होते. समजून घ्यावं की यातच!

जेवताना लेकानं मान वर केली नाही. शर्वरीचं नाक लाल झालं, डोळ्यांतनं पाणी यायला लागलं.

“सोसत नसेल तर दही घे,” मी म्हटलं. “उगं मला बोल लावू नको.”

तिनं ताट पुढं केलं. “अजून वाढा. आणि कसा केला ते सांगा, तिकडं करीन.”

म्हणजे जाणारच. तिनं मोबाईल काढला, मी सांगत गेले. लसूण किती, मसाला किती, पाणी किती. भाजलेल्या तिळाचं कूट तेवढं सांगितलं नाही. चव जमली नाही, की येईल झक मारत विचारायला.