छातीचा फोटो

"पोरना छातीना फोटो काढना शे आज," हेमराज म्हणाला, आणि भटूनं त्याची मशीनं ताब्यात घेतली.

गोडादऱ्याच्या त्या लूमखात्यात बदलीवर आलेला माणूस मूळ कामगाराच्याच नावानं राबायचा. कापड निघत राहिलं की शेठ कुणाचं तोंड बघत नसे. अठरा वर्षांत हेमराजला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं.

"इंग्लंडना का?" भटूनं ओरडून विचारलं. खात्यात ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही.

"हां. एवढं पार पडनं का बसनी इमानमा नि उडनी."

योगिता म्हणजे हेमराजच्या गल्लीचा मानाचा तुरा होता. लूमवाल्याची पोर रंगांच्या रसायनात एम.एस्सी. झाली, वर दिल्लीला जाऊन शिष्यवृत्तीची मुलाखत देऊन आली. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा हेमराजनं ते तीन बिऱ्हाडांत वाचायला दिलं. चौथ्या बिऱ्हाडात शेवटचा परिच्छेद कुणीतरी मोठ्यानं वाचला. ठरवून दिलेल्या डॉक्टरकडून छातीचा एक्स-रे हवा होता, तीस जूनच्या आत. निरोगी असल्याचा दाखला मिळाला तरच पुढचं सगळं.

तेव्हापासून घरात कुणाला घास गोड लागेना.

तीन वर्षांपूर्वी योगिताला थुंकीतून रक्त पडलं होतं. नऊ महिने गोळ्या चालल्या. ही गोष्ट त्यांनी गल्लीत कुणाला कळू दिली नाही. मुलीच्या जातीला असला आजार चिकटला की सुटत नाही, असं हेमराजला वाटायचं. पोरींची आई सुंदरा त्याच आजारानं गेली, त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. धाकटी नूतन सातवीतून शाळा सोडून घरी बसली होती, आईचं सगळं तिनंच केलं. तिला मात्र कधी साधं पडसं झाल्याचंही कुणाला आठवत नव्हतं.

योगिताच्या छातीत आता काय उरलंय, हे डॉक्टरला आधी विचारून घ्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. विचारलं म्हणजे कळलं, आणि कळलं म्हणजे गेलं, असा हेमराजचा हिशेब. भित्र्या माणसाचे हिशेब असेच असतात.

रिंग रोडवरच्या दवाखान्याच्या जिन्यात मुलीला चष्म्यातूनही पायरी दिसली नाही. हेमराजनं तिला दंडाला धरून सावरलं.

"चष्मा काढू नको," तो हळूच म्हणाला.

कंपाउंडरनं पुकारलं, "योगिता हेमराज!" कुणी उठलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं, तशी ती गडबडून उभी राहिली. फॉर्मवरचा फोटो काळपट आला होता. कंपाउंडरनं त्यावर एक नजर टाकली आणि सही करायला सांगितलं. तिनं एकेक अक्षर जपून काढलं. सहीला वेळ लागला.

"पहले कभी टीबी हुआ है?" डॉक्टरांनी विचारलं.

ती बापाकडे बघायला लागली.

"नहीं साहेब," हेमराज म्हणाला. "कभी नहीं."

"साँस लो, रोक के रखो," कंपाउंडरनं सांगितलं. मशीन खटकन वाजलं. परतीच्या रिक्षात ती एकदाच बोलली. "आप्पा, देव करो नि ताईनं शिक्षण फुकट नको जावाले."

तिसऱ्या दिवशी हेमराज एकटाच रिपोर्ट घ्यायला गेला. डॉक्टरांनी त्याला बसायला सांगितलं. आजवर कुठल्या डॉक्टरनं त्याला खुर्ची दिली नव्हती.

"दोनों तरफ है. ताज़ी बीमारी है," ते म्हणाले. "पुराना, सूखा दाग होता तो मैं पास कर देता. ऐसे बहुत लोग जाते हैं, कोई नहीं रोकता. मगर ये अभी का है, और बहुत फैला है."

हेमराजनं हात जोडले.

"रिपोर्ट तो सीधा उनको भेजना पड़ता है. कल ही भेज दिया." डॉक्टर जरा नरमले. "इंग्लंड भूल जाओ. लड़की को बचाना है तो आज से दवा शुरू करो."

रिंग रोडपासून गोडादऱ्यापर्यंत तो पायी आला. रडावं असं वाटत होतं, पण भर रस्त्यात बाप्या माणसाला ते जमत नाही.

योगिता दारातच उभी होती. हातात इंग्लंडच्या पत्राची घडी.

"आप्पा, रिपोर्ट उना का? काय लिखेल शे त्यामा?"

तो तिच्या बाजूनं आत गेला, आणि बहिणीचा चष्मा लावून तिच्या नावानं छातीचा फोटो काढून आलेल्या नूतनसमोर मटकन खाली बसला.