प्रश्नचिन्हाच्या अलीकडे

दिंद्रुडच्या जुन्या अभ्यासिकेच्या पायरीवर गावातले दोन पुढारी, बबनराव आणि अमरसिंह, आपापले मोबाइल शेजारी शेजारी धरून उभे होते. पत्रिका एकच, नव्या इमारतीच्या उद्घाटनाची. मात्र बबनरावांच्या पडद्यावर सर्वांत वर त्यांचे नाव होते, आणि अमरसिंहांच्या पडद्यावर अमरसिंहांचे.

"ही काय जादू गं, आम्रपाली?" अमरसिंहांनी मोबाइलवरची पत्रिका बनवणाऱ्या मुलीला विचारले.

"जादू न्हाई, काका. हरेकाला येगळी लिंक धाडली. पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढं तुमचं नाव हाय. पान उघडलं, की माझा कोड ते वाचतो अन् वर मांडतो."

वर कोणाचे नाव घ्यायचे, या वादात छापील पत्रिका महिनाभर अडली होती. अकरा नावांवर भांडणे झाली. बारावे नाव कोणाला आठवलेच नाही. आम्रपालीची आई मुक्ताबाई सहा वर्षे रोज पहाटे पाचला अभ्यासिका उघडून झाडत होती. आताही आतून तिच्या केरसुणीचा आवाज येत होता.

"आण इकडं," बबनरावांनी अमरसिंहांचा मोबाइल ओढला. "तुझ्या फोनवर बी माझंच नाव वर आणतो."

ते आपल्या मोबाइलातला पत्ता पाहून एकेक अक्षर दाबत गेले आणि प्रश्नचिन्हापाशी कंटाळून थांबले. "एवढं शेपूट कोण लिहीत बसतंय बे."

पान उघडले. सर्वांत वर एकच ओळ होती : मुक्ताबाई ओव्हाळ आपले स्वागत करीत आहेत.

"हे काहून?" बबनरावांनी विचारले.

"पत्त्यात नाव नसलं, तर दाखवायला एक ठरीव नाव कोडात लिहून ठेवावं लागतं," आम्रपाली म्हणाली. "मी हे लिहिलं. दार रोज कोण उघडतं, काका?"

बबनरावांची मुलगी स्वप्नाली याच खोलीत चार वर्षे अभ्यास करून तलाठी झाली होती. पहाटे तिला सोडायला ते स्वतः येत. दार कधी बंद सापडले नव्हते.

त्यांनी मोबाइल परत केला आणि केजच्या फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

"माऊली, कमानीवर आमची नावं नको टाकू."

"अन् आपलं काय?" अमरसिंह कुजबुजले.

"आपलं हाय की आपापल्या लिंकमधी." ते पुन्हा फोनमध्ये बोलू लागले. "नुसता पत्रिकेचा पत्ता टाक. लई मोठ्या अक्षरात. अन् प्रश्नचिन्हाच्या अलीकडंच थांब."