बोलत राहा

“बोलत राहा,” सासूने बाथरूमच्या दाराबाहेरून दरडावलं.

“खात्यातली शिल्लक जाणून घेण्यासाठी, एक दाबा,” आतून आलं.

बँकेला फोन लावला की आधी जी बाई बोलते, ती हिची सून. आतल्या खोलीच्या खिडक्यांना रजया लावून ती असली वाक्यं रेकॉर्ड करायची. परवाच एक रेकॉर्डिंग मध्येच ठसका आला म्हणून परत आलं होतं.

जेवलेलं ओकून टाकायचं, हा तिचा लग्नाआधीचा आजार. सासू त्याला थेरं म्हणायची. पण सातवा महिना लागला तरी पोट दिसेना, तेव्हा तिचीच बोबडी वळली. डॉक्टरीणबाईंनी नियम घालून दिला: जेवल्यावर एकटं सोडायचं नाही, बाथरूमला गेलीच तर आतून सतत बोलायचं. बोलणाऱ्या तोंडाला दुसरं काही करता येत नाही.

तेव्हापासून सासू दाराशी स्टूल टाकून कपड्यांच्या घड्या घालत बसे.

“तक्रार नोंदवण्यासाठी, दोन दाबा.”

“घे लिहून. आज भाजी अळणी होती.”

सुरुवातीला सून यावर खुदकन हसायची. हल्ली नुसतीच बोलत राहायची. मन लावून करतेय, म्हणून सासूला बरंच वाटलं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोटावरून टेप फिरवला आणि चष्मा काढला.

“बाळ वाढत नाहीये. हिच्या पोटात अन्न ठरतंय का?”

“एक शब्द गाळत नाही ती,” सासू फणकारली. “मी स्वतः कान लावून बसते. दुसरं काहीतरी शोधा तुम्ही.”

घरी येताना सून हळूच म्हणाली, “आई, माझ्यावर इतका विश्वास नका ठेवू.”

“गप बस. पोटच्या पोरीवर ठेवला नसता इतका ठेवलाय.” बोलताना सासूला खरंच भरून आलं.

त्या दुपारी सून पोटभर जेवली, मागून भातही घेतला. मग आत गेली. कडी लागली, नळ सुटला, बोलणं सुरू झालं. सासूने बाळाची दुपटी मांडीवर घेतली.

आत काहीतरी धपकन पडलं.

“काय गं पडलं?”

“तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,” शांतपणे उत्तर आलं.

सासूचा जीव भांड्यात पडला. बादली असेल.

“कृपया...” आत ठसका लागला. “कृपया प्रतीक्षा करा.”

“पाणी पी आधी, बाई.”

दाराखालून पाणी बाहेर आलं, स्टुलापर्यंत पोचलं. सासूने दुपटं टाकून दार ठोठावलं.

“अगं, नळ बंद कर. ऐकतेस ना? कडी काढ.”

“तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,” आवाज तसाच गोड. “कृपया...” तोच ठसका, त्याच जागी. “कृपया प्रतीक्षा करा.”