उभ्यानं नकार

"आडवा हो," मालक म्हणाले.

कापूस उभाच राहिला.

मालक नमुन्याच्या गादीवर उताणे पडले होते, पोटावर हात ठेवून. शेजारची गादी रिकामी होती. गाद्यांच्या त्या दुकानाची ही जुनी रीत. मालकांशी काही बोलायचं असेल तर शेजारी आडवं व्हायचं आणि छताकडे बघत बोलायचं. गिऱ्हाईक पडून बघतं, मग आपण का नाही, असं मालकांचं म्हणणं. त्यातली मेख अशी, की मऊ गादीवर पडलेल्या माणसाला भांडता येत नाही. तावातावाने आत गेलेले लोक थोड्याच वेळात जांभया देत, मान डोलावत बाहेर यायचे.

आणि कापूस तर बोलूनचालून कापूस. मालकांकडचा सगळ्यांत जुना विक्रेता, पण कुणाला नाही म्हणायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. सुट्टीच्या दिवशी ये म्हटलं, आला. गोदामात उंदीर शिरलाय, बघ म्हटलं, काठी घेऊन निघाला. म्हणून तर हे नाव पडलं. गंमत म्हणजे दिवसभर तो 'फर्म' गाद्या विकायचा. त्या एका इंग्रजी शब्दाला दुकानात इतकी कामं होती, की खरं तर त्यालाही पगार द्यायला हवा होता. पाठीला टणक लागणारी गादी फर्म. पक्की झालेली ऑर्डर फर्म. खुद्द दुकान म्हणजे 'आपली फर्म'. गिऱ्हाइकाशी हात मिळवायचा तोही फर्म, असं मालकांनी शिकवलेलं. एवढ्या सगळ्या फर्म गोष्टींत एकटा कापूसच तेवढा दाबला की दबायचा.

पण आज प्रश्न बदलीचा होता. लांबच्या गावातल्या शाखेवर जा, असं मालकांनी सांगून ठेवलं होतं आणि आज उत्तर द्यायचं होतं. याआधी दोनदा त्याची शाखा बदलली, तेव्हा त्याची बायको चकार शब्द बोलली नव्हती. शिलाई मशीन गुंडाळायची, नव्या गावात उघडायची आणि शिवणाचा क्लास पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. आता कुठे तिच्याकडे बसायला जागा पुरेनाशी झाली होती. सकाळी तो बुटाच्या नाड्या बांधत असताना ती समोर येऊन उभी राहिली.

"अहो, या वेळी फर्म राहा. मशीन मी परत गुंडाळणार नाही. जायचं तर तुम्ही एकटे जा."

"मी ठरवून जातो गं. पण मालक आडवं करतात."

"मग आडवे होऊ नका!"

इतका सोपा उपाय इतक्या वर्षांत त्याला सुचला नव्हता.

"अरे, हो ना आडवा," मालकांनी शेजारची गादी थोपटली. "नवा माल आहे. लोणी आहे नुसतं."

"नको, मालक. मी उभाच बरा आहे."

मालकांनी मान वळवून वर पाहिलं. दुकानातल्या कुणाकडे असं खालून वर बघायची त्यांना सवय नव्हती.

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे. मालक, मी बदलीवर जाणार नाही."

बोलून टाकलं. शब्द बाहेर पडले होते आणि आता ते परत गिळता येत नव्हते.

"पुन्हा म्हण."

"नाही जाणार. बायकोनं दोनदा सगळं मोडून पुन्हा मांडलंय. तिसऱ्यांदा मी तिला सांगणार नाही. कामावरून काढायचं तर काढा."

हे शेवटचं वाक्य घरून ठरवून आणलेलं नव्हतं. ते कुठून आलं, त्याचं त्यालाच कळेना.

मालक उठून बसले. कापसाने डोळे मिटून घेतले. आता वीज कोसळणार. पण कानावर आला तो पायाने चपला चाचपल्याचा आवाज.

"चल," मालक म्हणाले.

"कुठं?"

"माझ्या घरी." त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. "बदली माझ्या डोक्यातली नाही रे. आमच्या हिच्या धाकट्या भावाला तुझी जागा हवी आहे. हिला नाही कसं म्हणायचं, मला कळेना. काल धीर करून म्हटलं, तो माणूस ऐकायचा नाही. तर ही हसायलाच लागली. म्हणाली, कापूस? तो कधी कुणाला नाही म्हणालाय का! आता हेच सगळं असंच, उभ्यानं, तिच्यासमोर म्हण."

ज्याच्या धाकाने इतकी वर्षं काढली, त्या माणसाला घाईघाईत उजवी चप्पल डाव्या पायात सरकवताना कापूस पाहत होता. त्याला हसू आलं आणि मग मनापासून कीवही आली. त्याने वाकून मालकांच्या चपला सरळ लावल्या.

"चला," तो म्हणाला. "सांगतो मी वहिनींना. फक्त तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा."

"मी?" मालक दचकले. "मी खाली गाडीत बसतो. इंजिन चालू ठेवून."